शेपटी आडवी असते

अजून कुणाला सांगितलं नाही
की बोटीत मला दोनदा उलटी झाली,
आणि कठड्यावरून डोकं वर काढलं
तेव्हा देवमाशाची फक्त शेपटी उरली होती पाण्यावर.
तीही चार श्वासांपुरती.
कारखान्याच्या पत्र्याएवढी, काळी, निथळणारी,
आणि आडवी.

आडवी, नान्ना.

सत्याऐंशी साली साखर पेठेतल्या खोलीत
तू ग्राफ पेपरवर एक देवमासा काढलास.
कुठल्याशा बेटावरच्या हॉटेलची ऑर्डर होती,
टॉवेल सहा हजार, निळ्यावर पांढरा.
समुद्र तू पाहिला नव्हतास. अजूनही नाही.
पार्टीनं दिलेलं काड्यापेटीएवढं पुसट चित्र
आणि हिप्परग्याच्या तलावातली मरळ,
एवढ्या भांडवलावर चौकोन भरत गेलास
एकेक, शिसपेन्सिलीनं.
डोळा दिलास म्हशीचा
(मला तो फार आवडायचा)
आणि शेपटी उभी.
मग पंचकार्डांना भोकं पडली,
माग खडखडले आठवडाभर,
आणि सहा हजार देवमासे
गठ्ठ्यांत दाबून, सुतळीनं आवळून
ट्रकनं समुद्राकडे गेले.

एक रिजेक्ट पीस घरी राहिला.
त्यानं माझं अंग पुसलं, मग श्रीनूचं,
मग फरशी, मग सायकल.
डोळा शेवटपर्यंत टिकला.

मिरिसाच्या धक्क्यावरून पहाटे निघालो.
बँकेतल्या सहाजणी, उन्हाळी टोप्या,
पिशवीत कडक भाकरी आणि शेंगा चटणी.
चार तास नुसतं पाणी.
इतकं पाणी, आणि कुणी भरून घेत नव्हतं.
मग सुरंगा नावाच्या पोरानं बोट वर केलं,
इंजिन बंद.
चाळीस माणसं, चाळीस मोबाइल, कुणी खोकेना.
मला वाटलं, हे मला येतं.
चार दिवसांआड येणाऱ्या नळाखाली वाढलेय मी,
वाट बघणं मला कोण शिकवणार?

दिसायच्या आधी तो ऐकू येतो, नान्ना.
फस्स्.
माझं डोकं तेव्हा खालीच होतं,
पण ऐकला मी.
काहीतरी फार मोठं
फार दिवसांनी श्वास सोडत होतं.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी धीर केला.
ताटातल्या भाकरीचे दोन तुकडे जोडून दाखवले,
शेपटी अशी नसते, अशी असते.
ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ नेऊन
तू ते तुकडे पाहिलेस बराच वेळ.
"नावातच मासा आहे त्याच्या," म्हणालास,
"मी काय करणार?"
मग एक तुकडा चटणीला लावून खाल्लास.
मग, हात धुताना,
"म्हणजे ताण्यात नाही. बाण्यात."
हो.
"हलते कशी? वर-खाली?"
हो.
"पावडीसारखी?"
मी लहानपणी पाहिलेला तुझा पाय आठवला
हातमागाच्या खड्ड्यात, न थांबणारा.
पावडीसारखी, म्हणाले.
"मग बरोबर आहे," म्हणालास.
काय बरोबर, ते नाही सांगितलंस.
सहा हजार टॉवेलांबद्दलही
काही बोलला नाहीस.

रात्री पावणेतीनला नळानं आधी हवा सोडली.
फस्स्.
एक खोकला. पुन्हा फस्स्.
तू अंधारात उठून बसलास
आणि बोट वर केलंस.
श्रीनूची पोरंसुद्धा गप्प.
तेवढ्यात अम्मा ओरडली, पाइप कुठाय, पाइप,
आणि बादल्या, पिंप, हंडे, मोटारीचं बटण,
सगळं घर एकदम पाण्यात पडलं.

सकाळी लाइट बिलाच्या मागे
चौकोन आखलेले दिसले, पट्टीनं,
रेघा जराशा थरथरलेल्या.
शेपटी आडवी.
डोळा मात्र म्हशीचाच.